पातळ कापांचा मोसम

उन्हाळी वेळ संपून घड्याळं तासभर मागे घ्यायचा रविवार जवळ आला की माझं डोकं फिरायला लागतं. इथं नेदरलँड्समध्ये, आमच्या आल्मेरेत, ऑक्टोबर म्हणजे वारा. आडवा पाऊस घेऊन येणारा, सायकलसकट कालव्यात ढकलतो की काय असा वारा. स्टेशनकडे जाणाऱ्या सायकलवाटेवर पानांचा ओला लगदा होतो, चाक घसरतं, आणि डच माणसं त्यातूनही एका हातात हँडल, दुसऱ्या हातात कॉफी अशी निवांत जातात. आमच्या नागपुरात ऑक्टोबर म्हणजे हीट. पाऊस सरलेला, थंडीचा पत्ता नाही, अंगाची नुसती लाही, आणि त्या उन्हात दीक्षाभूमीकडे माणसांची रीघ. पांढऱ्या साड्या, निळे झेंडे, पुस्तकांच्या स्टॉलवर रेटारेटी. इथं आल्यावर वर्षानुवर्षं मी ऑक्टोबरात त्या गर्दीसाठी झुरायचे. गेल्या वर्षापासून ऑक्टोबर म्हटला की मला एस्थर आठवते, आणि चीज कापायचं ते पातं.

पातं म्हणजे काय ते सांगते. इथल्या प्रत्येक घराच्या ड्रॉवरमध्ये एक हत्यार असतं. कालथ्यासारखं पसरट, मधे एक फट, फटीला धार. चीजच्या लादीवरून ओढलं की कागदासारखा काप निघतो. आम्ही नवीन होतो तेव्हा समोरच्या आजींनी फुलं आणली नाहीत, हे आणून दिलं होतं. ते वापरायची रीत आहे बरं का! लादी सगळीकडून सारखी झिजली पाहिजे. एकाच बाजूनं ओढून उतार केलात तर पाहुण्यांसमोर बोलणी खाल. माझी मुलगी मित्रा इथंच वाढलेली, मराठी सगळं कळतं पण उत्तर इंग्रजीत नाहीतर डचमध्ये. ती मला अजून रागावते, "आई, यू आर मेकिंग अ हिल अगेन!" मी म्हणते, बाई गं, टेकडी तर टेकडी, खायचंच आहे ना शेवटी.

हे हत्यार स्वयंपाकघरातच राहिलं असतं तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण या लोकांनी त्याचं राज्यशास्त्र केलंय. पैसे कमी पडले की सरकार असो, शाळा असो, नाट्यगृह असो, कुणाचंही अख्खं काही बंद करायचं नाही. सगळ्यांवरून एकेकदा पातं फिरवायचं, प्रत्येकाचा पातळसा काप काढायचा. कुणाला फार लागत नाही, कुणी फार ओरडत नाही. या पद्धतीला नावसुद्धा त्या पात्याचंच आहे, आणि ते उच्चारताना माणसं जरा अभिमानानंच हसतात.

मी गणितवाली. या देशात आले ती नवऱ्याच्या व्हिसावर, डिपेंडंट म्हणून. मग पुन्हा शिकले, आणि आता ॲमस्टरडॅमच्या स्लोटरडाइक स्टेशनाजवळ एका संस्थेत बसून रोग कसा पसरेल याची मॉडेल्स करते. खिडकीखालून चारी दिशांच्या गाड्या जातात, मी स्क्रीनवर मलावीतल्या एका तळ्याकाठच्या जिल्ह्याकडे बघत असते. त्या जिल्ह्यात एचआयव्हीसाठी आमचं दोन प्रकारचं काम. ज्यांना लागण झालीय त्यांना रोज गोळी, जन्मभर. आणि ज्यांना झालेली नाही, पण होऊ शकते, त्यांना ती होऊ नये म्हणून दुसरी गोळी, तपासणी, निरोध आणि त्यांच्याशी बोलणारं कुणीतरी. उपचार आणि प्रतिबंध. कागदावर दोन रकाने, प्रत्यक्षात एकमेकांत गुंतलेले. कारण ज्याची उपचाराची गोळी नेमानं चालते त्याच्याकडून पुढं लागणही होत नाही. पण त्यातही एक खोच आहे. उपचारावरचा माणूस दिसतो. त्याला नाव असतं, कार्ड असतं, तो रांगेत उभा राहतो. ज्याला लागण झालीच नाही तो कुठे दिसणार? टळलेल्या दुखण्याचा फोटो काढता येत नाही, आणि फोटोशिवाय देणगी येत नाही.

गेल्या वर्षी मोठमोठ्या देशांनी हात आखडता घेतला. कुठला देश, कुठला मंत्री, ते सोडा. देणाऱ्यांना आपल्या घरचं आठवलं एवढंच. आमच्या संस्थेत मग ऑक्टोबरभर बैठका. जिल्ह्यातली माणसं समोर असावीत म्हणून तिथलं काम बघणाऱ्या एस्थरला बोलावून घेतलं. हॉटेलच्या खर्चावरूनही पातं फिरलेलं होतंच, त्यामुळे ती आमच्याकडे उतरली. मला त्याचा आनंदच झाला, पण हिशेबाची सुरुवात तिच्या पाठीपासूनच झाली म्हणायची, कारण आमचा सोफा भयंकर आहे.

एस्थर माझ्याच वयाची. धिप्पाड, हसरी, बोलायला फटकळ. मलावीत तिच्या हाताखाली गावोगावच्या बायका होत्या. त्या तळ्याच्या किनाऱ्यावर जायच्या, मासे घ्यायला आलेल्या पोरींशी बोलायच्या. तिथं मासे नुसत्या पैशांवर मिळत नाहीत, होडीवाल्याची मर्जी लागते, आणि मर्जी म्हणजे काय ते सतरा वर्षांच्या पोरीलाही ठाऊक असतं. अशा पोरींना या बायका किनाऱ्यावरच तपासायच्या, तिथंच गोळी द्यायच्या. कुणाला कळायचं नाही, रांगेत उभं राहायला नको. एस्थर स्वतः उपचाराच्या गोळीवर. नवरा त्या दुखण्यानंच गेला, तेव्हा गोळ्या तळ्यापर्यंत पोचल्या नव्हत्या. तिची एकुलती एक मुलगी चिसोमो मासे सुकवून विकते. ती निरोगी. एस्थरच्याच एका बाईकडून ती प्रतिबंधाची गोळी घ्यायची.

म्हणजे बघा, एकाच घरात दोन रकाने. आई उपचारात, लेक प्रतिबंधात.

संध्याकाळी एस्थरच्या फोनचा अलार्म वाजायचा. तिच्या गोळ्या बाटलीत नसायच्या, एका फडक्यात पुरचुंडी करून असायच्या. मी विचारलं तर म्हणाली, "बाटली वाजते गं. बसमध्ये खुळखुळ झाली की सगळ्यांना कळतं बाईच्या पिशवीत काय आहे." उन्हाळी वेळेत इथलं आणि तिथलं घड्याळ सारखंच असतं, त्यामुळे तिला वेळ बदलावी लागली नव्हती. याचं तिला फार कौतुक. "तिकडे चिसोमोचीही हीच वेळ," ती म्हणायची. मग पाण्याचा ग्लास घेऊन खिडकीकडे तोंड करून उभी राहायची. गोळी घेताना तिच्याशी बोललेलं तिला चालायचं नाही. मित्रानं एकदा मधेच काही विचारलं, तर तिनं बोट वर करून तिला थांबवलं, गोळी गिळली, आणि मगच म्हणाली, "हं, आता बोल."

मी भाकरी थापायचे, ती मक्याच्या पिठाचा गोळा घोटायची. हिंदुस्थानी दुकानातली ज्वारी आणि सुरिनामी दुकानातलं मक्याचं पीठ एकाच ओट्यावर. पिठलं तिला आवडलं, ठेचा तर इतका की डबीत भरून मागितला. जेवताना मित्रा ब्रेडवर चीजचा काप ठेवायची, आणि एस्थर तो काप उजेडासमोर धरून म्हणायची, "यातून मला तुमच्या खिडकीबाहेरचं झाड दिसतंय. याला जेवण म्हणतात?"

त्याच आठवड्यात धम्मचक्र प्रवर्तन दिन आला. कापेल आन डेन आयसेल नावाच्या गावी एक हॉल भाड्यानं घेऊन आमची मंडळी जमतात. आयटीवाले, संशोधनवाले, त्यांची कुटुंबं, एकमेकांना जोरात जयभीम आणि लगेच पार्किंगची चौकशी. वंदना झाली, भाषणं झाली, मग जेवण. खुर्च्या मांडून पंगत, आणि पोरं वाढायला. एस्थर माझ्या शेजारी. मी तिला सांगितलं की माझ्या बाबांच्या लहानपणी गावात लग्न असलं की आमच्या लोकांना मांडवाबाहेर बसवायचे. आतली पंगत उठेस्तोवर थांबायचं. बाबा सांगतात, "वास यायचा बापा, नुसता वास. आपली पाळी येस्तोवर बुंदी संपलेली राहे." तरी आमच्याकडे एक म्हणणं आहे, बसलेली पंगत उठवू नये. पानावर बसलेल्या माणसाला घास हातात असताना उठवणं याच्याएवढं पाप नाही.

एस्थरनं वरणात बोट बुडवून चाटलं. मग म्हणाली, "आमच्यात पंगतीत बसलेल्या आम्ही आहोत, उपचारवाल्या. आणि बाहेर वास घेत उभी आहेत ती आमचीच पोरं."



दोन दिवसांनी शेवटची बैठक झाली. आमची प्रमुख मार्लूस. बाई दुष्ट असती तर बरं झालं असतं, शिव्या तरी घालता आल्या असत्या. पण मार्लूस घरून डब्यात ब्रेड-चीज आणणारी, पावसात सायकलनं येणारी, आफ्रिकेत उमेदीची वर्षं घालवलेली, सज्जन बाई. तिनं पडद्यावर सगळी कामं दाखवली आणि म्हणाली, "आपण माणसामाणसांत निवड करायची नाही. प्रत्येक कामातून सारखा काप घेऊ. उपचारही चालू राहील, प्रतिबंधही. एकही काम मरणार नाही." टेबलाभोवती माना हलल्या. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर सुटका. कॉफीबरोबर एकेक बिस्किट फिरलं, आणि बिस्किटाचा डबा रीतीप्रमाणे लगेच बंद झाला.

मी बोलले. मॉडेल काय म्हणतं ते सांगितलं, की चीजचा काप निघतो तसा गोळीचा निघत नाही. गोळी पूर्ण पोचते नाहीतर पोचत नाही. अर्धवट पोचलेल्या उपचारानं औषध निकामी होतं, आणि अर्धवट प्रतिबंधाला प्रतिबंध म्हणत नाहीत. माझं ऐकून घेतलं. इथं सगळ्यांचं ऐकून घेतात, तेवढी शिस्त आहे. ऐकलं, 'महत्त्वाचा मुद्दा' म्हणाले, आणि पुढे गेले.

मग एस्थर बोलली. ती उठून उभी राहिली, इथं बैठकीत कुणी उभं राहत नाही. म्हणाली, "सगळीकडून घेऊ नका. एका जागेवरून घ्या. किनाऱ्यावरच्या बायकांना हात लावू नका. घ्यायचंच असेल तर माझ्यासारख्यांकडून घ्या. आम्ही वर्षानुवर्षं गोळीवर आहोत, धडधाकट आहोत. आमच्या तपासण्या बंद करा, आमचं फुकटचं धान्य बंद करा, आमचे पगार बंद करा. आम्ही गोळीसाठी चालत जाऊ. माझी मुलगी जाणार नाही. तिच्या वयाची कुठलीच मुलगी जाणार नाही."

खालून एक गाडी गेली. मार्लूसच्या डोळ्यांत पाणी आलं, खरंच आलं. ती म्हणाली, "एस्थर, तू रुग्ण आहेस. तुझ्याकडून जास्त घेणं न्यायाचं होणार नाही."

न्याय! कप्पाळ माझं. ज्या बाईचा जीव, तिनं स्वतः सांगितलं कुठं कापा ते, आणि सुरी धरणारीला स्वतःचे हात स्वच्छ ठेवायचे होते. आमच्याकडे अन्याय करणारे निदान मांडवाबाहेर बोट दाखवून सांगायचे, तिकडे बस. शिवी ओळखू तरी येते. सौजन्यानं केलेल्या खुनाची तक्रार कुठे करायची, खेमेंतेच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, काउंटरवर?

काप निघाले. उपचाराचा काप असा, की पूर्वी गावच्या आरोग्यकेंद्रात एकदम कित्येक महिन्यांच्या गोळ्या मिळायच्या, आता दर महिन्याला जिल्ह्याच्या इस्पितळात जायचं. गोळी कमी झाली नाही, फक्त रस्ता वाढला. प्रतिबंधाचा काप असा, की किनाऱ्यावर जाणाऱ्या बायकांचे फेरे बंद, प्रतिबंधाची गोळी चालूच, फक्त तीही त्याच इस्पितळात. आणि खर्च वाचावा म्हणून दोन्ही गोळ्या एकाच खिडकीवर, एकाच वारी. एस्थरची नोकरी गेली नाही, अर्धी झाली. मार्लूस म्हणाली तसं एकही काम मेलं नाही.

जाताना एस्थरला मी स्खिपोल विमानतळावर सोडायला गेले. ठेच्याची डबी सामानात नीट गुंडाळून दिली. तिनं मित्रासाठी काही आणता आलं नाही म्हणून पुन्हा पुन्हा सॉरी म्हटलं. रांगेत शिरायच्या आधी ती म्हणाली, "सिस्टर, तुम्ही लोक फार चांगले आहात. मला भीती वाटते तुमची." आणि हसली. मला हसू आलं नाही.

तो हिवाळा मी फोनवरून ऐकत काढला. इथं दुपारीच अंधार, रुळांवर ओलं पान बसलं म्हणून गाड्या उशिरा, सिंटरक्लासच्या सणाची चॉकलेटची अक्षरं विकणारी सुपरमार्केटं, आणि तिकडून एस्थरचे निरोप. तिकडे पावसाळा. एका महिन्यात पूल वाहून गेला, ती वळसा घालून इस्पितळात पोचली तर खिडकी बंद झालेली. पुढल्या वाराला मिळालं. ती सोसेल, तिला सवय. प्रश्न चिसोमोचा होता. तिच्या लग्नाचं बोलणं चाललेलं. त्या खिडकीपुढे उभं राहायचं म्हणजे अख्ख्या जिल्ह्याला सांगायचं की मला ते दुखणं आहे. कुठली गोळी कशासाठी हे रांग थोडीच विचारते? ती एकदा गेली. रांगेत होणाऱ्या सासूची चुलती दिसली, तशीच परत आली. एस्थरनं नर्सला विनवलं, लेकीची गोळी माझ्याजवळ द्या. नर्स म्हणाली, तिची तपासणी केल्याशिवाय देता येत नाही, तिला यावं लागेल. नर्सचंही बरोबरच होतं. या गोष्टीत सगळ्यांचंच बरोबर होतं, म्हणून तर माझा संताप संताप होतो.

मी मार्लूसकडे दोनदा गेले. किनाऱ्यावरच्या बायका परत सुरू करा म्हटलं. ती म्हणाली, "मग दुसऱ्या कुणाचा काप मोठा घ्यावा लागेल. कुणाचा घेऊ, तू सांग." मी सांगितलं, अगदी स्पष्ट सांगितलं, एस्थरनं सांगितलं होतं तेच. तिनं माझ्या दंडावर हात ठेवला आणि म्हणाली की मी यात भावनेनं गुंतलेय, हाउसआर्ट्सला, म्हणजे घरच्या डॉक्टरला, भेटून थोडी विश्रांती घ्यावी. इथं कुणी जीव तोडून बोललं की त्याला डॉक्टरकडे पाठवतात, आणि तो डॉक्टर पॅरासिटामॉल देतो.

यंदाचा ऑक्टोबर आला. तोच वारा, तोच लगदा. कापेलच्या हॉलमध्ये तीच पंगत, शेजारच्या खुर्चीवर मात्र नवरा. गेल्या आठवड्यात ऑफिसात केक आणला होता. इथं वाढदिवस असो की यश, केक ठरलेला. मार्लूसनं सांगितलं की एवढे पैसे कमी होऊनसुद्धा तळ्याकाठच्या जिल्ह्यात उपचार घेणाऱ्यांची संख्या घटली नाही. उलट किंचित वाढली. टाळ्या झाल्या. सज्जन, थकलेल्या, मनापासूनच्या टाळ्या. माझ्या ताटलीत केकचा काप आला, उभा राहू न शकणारा, पातळ.

त्या वाढलेल्या संख्येत चिसोमो आहे. मला ते ठाऊक होतं, पावसाळा संपता संपता एस्थरनं कळवलं होतं. लग्न मोडलं. किनाऱ्यावर होडीवाले आहेत, मासे आहेत, पोट आहे. ती एका रकान्यातून उठली आणि दुसऱ्यात जाऊन बसली, जन्मभरासाठी. बाहेर वास घेत उभी होती, अखेर पंगतीत जागा मिळाली म्हणायची. मी केक तसाच ठेवला. कुणीतरी विचारलं, डाएट का?

काल घड्याळं मागे गेली. दुपारी एस्थरचा व्हिडिओ कॉल आला. आता आमच्यात एका तासाचा फरक पडलाय. माझ्याकडे उजेड होता, तिच्याकडे कलता दिवस. तिनं ठेचा संपल्याची तक्रार केली, मित्राची उंची विचारली. मागे स्वयंपाकघरात मित्रा चीज कापत होती, तिनं ते पातं हातात घेऊनच हात हलवला. एस्थर थकलेली दिसत होती, केस पांढरे झालेत. मी विचारलं, चिसोमो कशी आहे? ती म्हणाली, बरी आहे, कमी बोलते.

तेवढ्यात तिकडे अलार्म वाजला. एस्थरनं फोन भांड्याला टेकवून ठेवला, फडक्याची पुरचुंडी सोडली. चौकटीत एक बारीक मनगट आलं, तळहात पुढे झाला. एस्थरनं त्यावर एक गोळी ठेवली, एक स्वतःच्या हातात घेतली. दोन्ही गोळ्या आता सारख्याच.

"एस्थर," मी म्हणाले.

"तुझ्या त्या बाईंना सांग," ती म्हणाली, "आमच्या घरात कुणावरही अन्याय झाला नाही. मायलेकींना अगदी सारखं मिळालं."

मग तिनं बोट वर करून मला थांबवलं. गोळी घेताना तिच्याशी बोललेलं तिला चालत नाही.